वाचक विचारतात : डेसमंड डेकर, स्कापासून रेगेपर्यंत

यावेळचे सगळे प्रश्न जमैकाचा गायक डेसमंड डेकर (१९४१–२००६) याच्याबद्दलचे घेतले आहेत. स्का, रॉकस्टेडी आणि रेगे हे जमैकात एकामागून एक आलेले नाच-संगीताचे प्रकार. रेगेचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली आवडणाऱ्या पुष्कळ लोकांनी डेकरचे एकच गाणे ऐकलेले असते, आणि तेही अनेकदा मूळ नव्हे तर पुढे पुन्हा गाऊन घेतलेले. म्हणून काही उत्तरे त्याच्या आयुष्याबद्दल आहेत, तर काही नेमके काय आणि कसे ऐकायचे याबद्दल.

प्रश्न : डेकरला 'पहिला' म्हणतात ते नक्की कशात? त्याच्या आधी जमैकाची गायिका मिली स्मॉल होती ना?

होती, आणि तिचा मान तिला द्यायलाच हवा. तिचे 'माय बॉय लॉलीपॉप' १९६४ साली ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. मात्र ते गाणे लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले होते. संगीत संयोजन जमैकाचा गिटारवादक अर्नेस्ट रँग्लिन याचे होते, पण एकंदर घडण ब्रिटिश बाजारासाठीची.

डेकरचे 'इस्रायलाइट्स' किंग्स्टनमध्ये, तिथल्याच वादकांच्या साथीने, तिथल्याच निर्मात्याने तयार केले. गाण्याची बोलीही किंग्स्टनच्या रस्त्यावरची. ते एप्रिल १९६९ मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आले. त्याने अमेरिकन गायक मार्विन गे याचे गाणे खाली ढकलले आणि पुढच्याच आठवड्यात बीटल्सनी त्याची जागा घेतली. स्पर्धा कोणाशी होती ते यावरून कळेल. त्याच वर्षी अमेरिकेत ते नवव्या क्रमांकापर्यंत गेले. मार्लीला जगभर नेणारा 'कॅच अ फायर' हा अल्बम १९७३ चा, म्हणजे चार वर्षांनंतरचा. तेव्हा नेमके विधान असे करावे : जमैकात घडलेले, रेगे ठेक्याचे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेणारा पहिला गायक. 'पहिला रेगे गायक' म्हणू नये. तबकडीवर 'रेगे' हे नाव मेटल्स या चमूच्या 'डू द रेगे'ने १९६८ मध्येच आणले होते, आणि तेही डेकरच्याच निर्मात्याकडे, लेस्ली काँगकडे.

प्रश्न : तो वेल्डिंगचे काम करायचा असे वाचले. तिथून तो गायनात कसा आला?

जन्म १६ जुलै १९४१ चा, खरे नाव डेसमंड अॅडॉल्फस डेकर्स. बालपण किंग्स्टनचे. आई लवकर गेली. मग वडिलांबरोबर सेंट मेरी आणि नंतर सेंट थॉमस या परगण्यांत राहणे झाले. सेंट थॉमसमध्ये तो शिंप्याच्या हाताखाली उमेदवारी करत होता, किंग्स्टनला परतल्यावर वेल्डिंग करू लागला. काम करताना तो गात असे, आणि सोबतचे कामगारच त्याला 'जाऊन आवाज ऐकवून ये' म्हणून मागे लागले.

त्या काळी आवाज ऐकवायला जायचे म्हणजे कुठे, हे समजून घेतले पाहिजे. किंग्स्टनमध्ये करमणुकीचे मोठे साधन होते साउंड सिस्टिम : मोठाले स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि तबकड्यांचा साठा घेऊन मोकळ्या अंगणात भरवलेला नाच. क्लेमंट 'कॉक्सन' डॉड आणि ड्यूक रीड हे या धंद्यातले दोन बडे मालक. आधी ते अमेरिकन तबकड्या वाजवत. अमेरिकेतून हवे तसे संगीत येईनासे झाले तेव्हा ते स्वतःच गायक-वादक जमवून ध्वनिमुद्रण करू लागले. नवे गाणे प्रथम एकाच अॅसिटेट तबकडीवर कापून नाचात वाजवायचे, लोक थिरकले तरच त्याच्या प्रती काढायच्या. असा निवाडा करणाऱ्या माणसाला पहिल्याच ऐकण्यात पाय हलवणारे गाणे लागते. १९६१ मध्ये डेकर या दोघांकडेही गेला आणि दोघांनीही त्याला घेतले नाही.

तिसरा दरवाजा लेस्ली काँगचा. काँग चिनी वंशाचा जमैकन. ऑरेंज स्ट्रीटवर भावांबरोबर त्याचे 'बेव्हर्लीज' नावाचे दुकान होते; तिथे आइस्क्रीम मिळे, सौंदर्यप्रसाधने मिळत आणि तबकड्याही मिळत. त्याची साउंड सिस्टिम नव्हती, स्वतःचा स्टुडिओही नव्हता. तो भाड्याने घेतलेल्या स्टुडिओत काम करी. जिमी क्लिफ या पोरसवदा गायकाने दुकानाच्या नावावरच गाणे रचून त्याला या धंद्यात ओढले होते. डेकरचा आवाज पारखला तो डेरिक मॉर्गनने, त्या वेळच्या काँगच्या सर्वांत लोकप्रिय गायकाने. पसंती मिळाली, पण तबकडी निघाली नाही. काँगला आवाज पटला होता, त्या आवाजाच्या तोडीचे गाणे हाती येईपर्यंत थांबायची त्याची तयारी होती. ते गाणे 'ऑनर युअर मदर अँड फादर', १९६३. पसंतीनंतर जवळजवळ दोन वर्षांनी. आई-वडिलांचा मान राखा ही दहा आज्ञांमधली आज्ञा त्याने नाचाच्या ठेक्यावर बसवली, आणि नीतीचे बोल नाचऱ्या सुरात सांगणे ही त्याची रीतच पडली.

प्रश्न : मार्लीला त्यानेच पुढे आणले का?

दोघे एकाच वेल्डिंगच्या कारखान्यात कामाला होते, आणि काँगचा रस्ता मार्लीला दिसला तो डेकरमुळे. मार्लीची पहिली तबकडी 'जज नॉट' काँगनेच १९६२ मध्ये काढली. म्हणजे डेकर अजून वाट पाहत असताना त्याचा धाकटा सहकारी आधी तबकडीवर आला. पुढे मार्लीचा 'वेलर्स' हा चमू घडला तो मात्र डॉडच्या स्टुडिओत, त्यात डेकरचा हात नाही.

प्रश्न : स्का, रॉकस्टेडी आणि रेगे मला सारखेच ऐकू येतात. फरक ओळखायची काही युक्ती?

यासाठी डेकरइतका चांगला शिक्षक नाही. १९६३ ते १९७१ या काळात निर्माता तोच, कंपनी तीच, गळा तोच; बदलत गेला तो ठेका. त्यामुळे दोन गाण्यांत जो फरक ऐकू येतो तो बराचसा ठेक्याचाच असतो. वेगवेगळ्या गायकांची गाणी समोर ठेवली की कान आवाजातल्या फरकात अडकतो.

आधी मोजणी पक्की करा. 'एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि' असे सावकाश म्हणा. या तिन्ही प्रकारांत गिटार किंवा पियानोचा तुटक, कोरडा झटका 'आणि'वर पडतो. आधी तो पकडा आणि त्यावर टाळी द्या. टाळी आपोआप सरकून 'एक'वर येऊ लागते, ही चूक जवळजवळ सगळ्यांची होते. उपाय सोपा आहे : पायाने आकडे धरा, हाताने 'आणि'.

स्कासाठी 'ऑनर युअर मदर अँड फादर' आणि 'किंग ऑफ स्का' घ्या. (दुसऱ्या गाण्यात मागे गाणारे 'चेरीपाइज' म्हणजे खरे तर मेटल्स.) स्काची गती साधारण मिनिटाला ११० ते १४० ठोके. बेस (खर्जातली गिटार) प्रत्येक ठोक्याला एक स्वर टाकत चालत राहतो, ड्रमचा घाव 'दोन' आणि 'चार'वर. 'आणि'चा झटका द्यायला गिटार-पियानोच्या जोडीला सॅक्सोफोन-ट्रंपेटही असतात.

मग थेट '००७ (शँटी टाउन)' लावा. १९६६ पासून दोनेक वर्षे जमैकात रॉकस्टेडीचा अंमल होता आणि हे गाणे त्याच्या ऐन भरातले. गती ७० ते ९५ वर उतरली आहे. वाद्ये विरळ झाली आहेत. बेस आता चालत नाही. दोन-तीन स्वर बोलतो, थांबतो, पुन्हा बोलतो, आणि त्या थांबण्यातच सारी गंमत आहे. बेसची तीच ओळ गिटारवर दाबून वाजवण्याची पद्धत रुजवली लिन टेट या त्रिनिदादहून आलेल्या गिटारवादकाने. ड्रमही बदलला : 'एक'वर पायाचा ड्रम वाजतच नाही, पायाच्या ड्रमचा आणि काठीचा घाव एकदमच 'दोन' आणि 'चार'वर पडतो. यालाच वन ड्रॉप म्हणतात. समेवर थाप ऐकायला सरावलेल्या कानाला इथे जागा चुकल्यासारखी वाटते. ती रिकामी जागा तशीच ऐकायची, मनात भरून काढायची नाही.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. काही पुस्तकांत वन ड्रॉपचा घाव 'तीन'वर आणि गिटारचा झटका 'दोन-चार'वर लिहिलेला असतो. दोन्ही बरोबर आहे. त्यांनी तेच संगीत दुप्पट वेगाने मोजलेले असते. गती मोजणारी अॅपही अनेकदा दुप्पट आकडा दाखवतात आणि रॉकस्टेडी स्कापेक्षा जलद असल्याचा भास होतो. आकडा १४० च्या वर दिसला तर निम्मा करून पाहा, आणि गाण्याबरोबर चालून पाहा. पाऊल आरामात पडते ती मोजणी खरी.

शेवटी 'इस्रायलाइट्स' आणि 'इट मेक'. हा सुरुवातीचा रेगे. रॉकस्टेडीचा सांगाडा तोच, पण चाल जरा चपळ झाली आहे, गिटारचा झटका काही वेळा दुहेरी होतो आणि ऑर्गन झटक्यांच्या मधल्या फटी बुडबुड्यांसारख्या भरत राहतो. काँगच्या बेव्हर्लीज या कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेसवर जॅकी जॅक्सन, गिटारवर हक्स ब्राउन आणि ऑर्गनवर विन्स्टन राइट हे नेहमीचे वादक. तो ऑर्गन एकदा कानाने टिपला की रेगे ओळखायला बाकी काही लागत नाही.

'युनिटी' आणि 'इन्टेन्सिफाइड' ही दोन गाणीही मधे जरूर ऐका. जमैकात स्वातंत्र्य उत्सवानिमित्त गाण्यांची स्पर्धा १९६६ पासून होते. 'युनिटी' १९६७ मध्ये दुसरे आले आणि 'इन्टेन्सिफाइड'ने १९६८ मध्ये बाजी मारली. बाहेरच्या देशांत यांचे नाव फारसे निघत नाही, मायदेशात मात्र डेकर या गाण्यांमुळे घरोघरी होता.

प्रश्न : 'इस्रायलाइट्स' गाण्यात म्हटले आहे तरी काय? धार्मिक गाणे आहे का?

एका गरीब कामकऱ्याचे गाऱ्हाणे आहे. सकाळी उठून सगळ्यांच्या पोटासाठी राबतो, तरी बायको मुलांना घेऊन निघून जाते, कपडे फाटलेले, आणि तरीही त्याला बॉनी अँड क्लाइड या अमेरिकन दरोडेखोर जोडीसारखा गुन्हेगारीत शेवट करून घ्यायचा नाही. बायबलमधले इस्रायली लोक म्हणजे दास्यात आणि परक्या भूमीत पिचलेला समाज; जमैकात, विशेषतः रास्ताफारी या तिथल्या धार्मिक पंथाच्या लोकांत, आपली अवस्था त्या कथेतून सांगायची पद्धत रूढ होती. डेकरने पुढे सांगितलेली हकीकत अशी की बागेतून जाताना एक जोडपे पैशावरून भांडताना त्याच्या कानावर पडले आणि घरी पोचेपर्यंत गाणे तयार झाले. धर्म आहे तो उपमेत; विषय पगाराचा आहे.

गाण्याची बांधणी कानाने पाहण्यासारखी आहे. सुरुवातीची ओळ ठेक्याशिवाय, मोकळ्या लयीत, गिटारच्या थरथरत्या साथीवर येते. मग एकदम बेस-ड्रम उचलतात. डेकरचा आवाज मुळात उंच आणि पातळ, त्यात तो एखादा शब्द वर फेकून देतो आणि 'एसेस' हा त्याचा साथीदार चमू खालून धरतो. ब्रिटिश श्रोत्यांना निम्मे शब्द समजत नव्हते, त्यांनी आपापले भलतेच शब्द बसवले. तरी गाणे चालले, कारण तक्रारीचा सूर न समजताही पोचतो असे आम्हाला वाटते.

ब्रिटनमध्ये ते पिरॅमिड कंपनीने १९६८ च्या अखेरीस काढले होते. रेडिओने आधी फारसे लक्ष दिले नाही. क्लबांत वाजत वाजत मार्च १९६९ मध्ये ते यादीत शिरले. पाया मात्र आधीच घातला गेला होता : '००७' १९६७ मध्येच ब्रिटनमध्ये चौदाव्या क्रमांकावर गेले होते. त्या गाण्यात किंग्स्टनच्या 'रूड बॉय' म्हणवणाऱ्या दांडगट तरुणांची दंगल, पोलीस आणि सैनिक आहेत, आणि शीर्षक जेम्स बाँडकडून घेतलेले. १९६६ च्या पश्चिम किंग्स्टनमधल्या हिंसाचारामुळे सरकारला आणीबाणी लावावी लागली होती, ही पार्श्वभूमी ठेवून ऐकले तर ते नुसते नाचगाणे राहत नाही.

प्रश्न : मग १९७० नंतर तो एकदम दिसेनासा का झाला?

एकदम नाही. 'इट मेक' १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेले. १९७० मध्ये जिमी क्लिफने लिहिलेले 'यू कॅन गेट इट इफ यू रिअली वाँट' दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. तोवर डेकरने बस्तान ब्रिटनमध्ये हलवले होते. ऑगस्ट १९७१ मध्ये लेस्ली काँग हृदयविकाराने गेला. गाणे निवडणारा, वादक बांधून ठेवणारा आणि थांबायला तयार असणारा माणूस एका दिवसात नाहीसा झाला. आमच्या मते डेकरच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी घटना हीच, पहिल्या क्रमांकापेक्षाही मोठी. त्याच काळात रेगेही बदलला : गती आणखी उतरली, बेस जड झाला, रास्ताफारी आशय पुढे आला. डेकर लंडनमध्ये राहून तीन मिनिटांची चटकदार गाणी गात राहिला.

१९७५ मध्ये 'इस्रायलाइट्स' पुन्हा बाजारात आले आणि पुन्हा पहिल्या दहांत शिरले. 'सिंग अ लिटल साँग' सोळाव्या क्रमांकावर गेले. १९८० च्या आसपास ब्रिटिश तरुणांनी स्काचे पुनरुज्जीवन केले तेव्हा स्टिफ कंपनीने त्याचा 'ब्लॅक अँड डेकर' हा अल्बम काढला. त्यात साथ 'द रूमर' या ब्रिटिश चमूची आणि अनेक गाणी जुनीच, नव्याने गायलेली. पुढच्या 'कंपास पॉइंट' या अल्बमचा निर्माता ब्रिटिश गायक रॉबर्ट पामर होता. कोणतीच तबकडी फार चालली नाही आणि १९८४ मध्ये डेकर दिवाळखोर ठरला. १९९० मध्ये 'इस्रायलाइट्स'ची चाल एका मार्गारिनच्या जाहिरातीत आली आणि नवी पिढी त्याला ओळखू लागली. १९९३ मध्ये 'स्पेशल्स' या ब्रिटिश स्का चमूतल्या वादकांबरोबर त्याने 'किंग ऑफ किंग्ज' हा अल्बम केला, आपल्या तरुणपणीच्या आवडत्या गाण्यांचा. कार्यक्रम शेवटपर्यंत चालूच होते. २५ मे २००६ रोजी दक्षिण लंडनमधल्या थॉर्नटन हीथ इथे घरीच हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. वय ६४.

प्रश्न : मूळ ध्वनिमुद्रण आणि नंतरचे, हे ओळखायचे कसे? आणि जुनी तबकडी घेताना काय पाहायचे?

कागदावरचे वर्ष पाहून फसू नका. 'सर्वोत्कृष्ट गाणी' अशा संग्रहांत वर्ष अनेकदा संग्रहाचे असते, आणि आतली गाणी १९८० किंवा त्यानंतरची असू शकतात. तीन गोष्टी ऐका. एक, मूळ ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. हेडफोनमध्ये सगळे डोक्याच्या मध्यभागी ऐकू यायला हवे. ड्रम डावी-उजवीकडे पसरलेले ऐकू आले तर ते मूळ नव्हे. दोन, मागे सिंथेसायझर किंवा यांत्रिक ड्रम असेल तर नक्कीच नव्हे. तीन, लांबी : काँगच्या काळातली गाणी बहुधा तीन मिनिटांच्या आत संपतात. फक्त पहिल्या खुणेत एक सापळा आहे. काही जुन्या अल्बमांवर मोनो गाण्याचे बनावट स्टिरिओ केलेले असते, एका बाजूला खर्ज आणि दुसऱ्या बाजूला तार. तिथे गाणे मूळच, पण बेस एका कानात लंगडा पडतो. अॅम्प्लिफायरला मोनोचे बटण असेल तर ते दाबा, बरेचसे सावरते.

सात इंची तबकडीवर जमैकात 'बेव्हर्लीज' आणि ब्रिटनमध्ये 'पिरॅमिड' हे नाव शोधा. पिरॅमिडवर '००७'चा क्रमांक ६००४, 'इस्रायलाइट्स'चा ६०५८ आणि 'इट मेक'चा ६०६८. जमैकन प्रतीचे मधले भोक मोठे असते, त्यासाठी प्लास्टिकचा अडॅप्टर लागतो. त्या प्रतींत मूळचीच थोडी खरखर असते, ती धुऊन जाणार नाही. ती मान्य करूनच घ्यावी.

घेण्याआधी तबकडी फिरवून सुईचा दांडा वरून पाहा. तो प्रत्येक फेरीत डावी-उजवीकडे झुलत असेल, म्हणजे चार सेकंदांत तीन वेळा, तर भोक मध्यभागी पडलेले नाही. अशा प्रतीत डेकरचा लांबवलेला सूर आणि ऑर्गन दोन्ही डगमगतात आणि गायक बेसूर वाटतो. भोक जरा मोठे असेल तर तबकडी किंचित सरकवून झुलणे कमी करता येते. भोक घट्ट असेल तर दुसरी प्रत शोधा. खरखर जास्त असली तरी इथेही मोनोचे बटण उपयोगी पडते. मोनो खोबणीत संगीत फक्त आडव्या हालचालीत कोरलेले असते, आणि धूळ-ओरखड्यांचा आवाज मात्र सुईला वर-खालीही उडवतो. दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की ती वर-खाली हालचाल रद्द होते आणि आवाज चांगलाच स्वच्छ होतो.